आंधळ्या चालीचा दस्तूर

गणेशोत्सवाच्या जागरणात कोकणातील ओटीवर वा गिरणगावातील चाळीच्या खोलीत, सतरंजीच्या मधोमध सुटी नाणी मांडून जो तीन पत्तीचा डाव पहाटेपर्यंत रंगत आला, आणि ज्याला मराठवाड्यात तिरट म्हणतात, त्याचे इंग्लंडातील ‘ब्रॅग’शी निकटचे साम्य आहे; त्या ब्रॅगवर पत्त्यांच्या खेळांचा जाणकार एडमंड हॉईल याने १७५१ मध्येच स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. दोहोंतील कळीचा दस्तूर एकच: पाने न पाहता खेळणाऱ्याने, पाहून खेळणाऱ्याच्या निम्मीच रक्कम टाकावी. या सवलतीनेच नवशिक्याला मुरलेल्या गड्याच्या पंक्तीस आणून बसविले, असे माझे मत आहे.

बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० संच निघतात आणि त्यांपैकी १६,४४० संचांत साधी जोडी वा तिच्याहून वरचे काहीही नसते. जाणता खेळाडू या हिशेबावर विसंबून समोरच्याच्या मुद्रेवरून अदमास बांधतो. परंतु ज्या पोराने आपली पाने अद्याप उचललेलीच नाहीत, जो त्यांवर नुसता तळहात ठेवून आणखी एक नाणे पुढे सरकवतो, त्याच्या मुद्रेवर वाचावे तरी काय? भिण्याइतकेही त्याला ठाऊक नसल्यामुळे हूल त्याच्यापुढे निष्फळ ठरते. सबब हूल सोडून, चांगले पान हाती येईपर्यंत निमूट थांबणे, हीच मला या खेळातील खरी विद्या वाटते.

डाव पैशांचा, म्हणून कायद्याचा प्रश्न उरतो; पण १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचा मुख्य रोख नफ्यासाठी अड्डा चालविणाऱ्यांवर होता. घरच्या जागरणात नाल, म्हणजे डावातून अड्डेवाल्याचा हिस्सा, घेणारा कोणी नसे.