न्यायवैद्यक मनोरुग्णालयाचे कार्य

बंगळुरूच्या होसूर मार्गावर शहराच्या बाजूला राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजेच निम्हान्स आहे. याच मार्गाने बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीकडे जाताना इलेक्ट्रॉनिक सिटीच्या अलीकडे परप्पन अग्रहार मध्यवर्ती कारागृहाचा परिसर लागतो. निम्हान्सने या कारागृहातील ५ हजारांहून अधिक बंद्यांच्या मानसिक आरोग्याची पाहणी करून २०११ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. मनोरुग्ण बंद्याची जागा कारागृहात की रुग्णालयात, या प्रश्नाचे उत्तर शोधणारी व्यवस्था म्हणजे न्यायवैद्यक मनोरुग्णालय.

तीन प्रकारचे रुग्ण

येथे येणारे रुग्ण मुख्यतः तीन प्रकारचे असतात. कृत्य करताना मनोविकारामुळे त्याचे स्वरूप वा अयोग्यता ज्याला कळत नव्हती, त्याला भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ चे संरक्षण होते. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. अशी व्यक्ती निर्दोष ठरली, तरी न्यायालय तिला सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा आदेश देऊ शकते. दुसरा प्रकार आपला बचाव करण्यास असमर्थ असलेल्या आरोपीचा. त्याचा खटला स्थगित राहतो. तिसरा प्रकार कारागृहात असताना आजारी पडलेल्या बंद्याचा.

उपचार आणि सुरक्षा

इंग्लंडमध्ये या कामासाठी १८६३ मध्ये ब्रॉडमूर हे स्वतंत्र रुग्णालय सुरू झाले. भारतात हे काम बहुधा सार्वजनिक मनोरुग्णालयांतून चालते. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

येथील मनोविकारतज्ज्ञाला दुहेरी जबाबदारी पार पाडावी लागते. रुग्णावर उपचार करणे ही पहिली. त्याच्या स्थितीविषयी न्यायालयाला निःपक्ष अहवाल देणे ही दुसरी. आरोपी दोषी की निर्दोष, हा निर्णय मात्र न्यायालयाचाच असतो. बंदोबस्त रुग्णाच्या व इतरांच्या सुरक्षेसाठी असतो. शिक्षा हा त्याचा हेतू नव्हे.

विस्मरणाचा धोका

या व्यवस्थेत सर्वांत मोठा धोका विस्मरणाचा असतो. आसामातील माचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली आणि पुढे तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठविण्यात आले. १९६७ मध्ये ते बरे असल्याचे प्रमाणित झाले. परंतु त्यांची रवानगी घरी न होता गुवाहाटीच्या कारागृहात झाली. खटला न चालताच ५४ वर्षे बंदिवासात काढून २००५ मध्ये ते १ रुपयाच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर सुटले. उपचार झाले होते, प्रमाणपत्रही मिळाले होते. त्यापुढची कार्यवाही मात्र कोणी केली नाही.

कायद्याची देखरेख

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ नुसार मनोरुग्ण बंद्याला कारागृहाच्या वैद्यकीय विभागातील मनोविकार कक्षात हलवावे लागते. तेथे सोय नसल्यास पुनर्विलोकन मंडळाच्या पूर्वपरवानगीने त्याला मानसिक आरोग्य आस्थापनेत पाठविले जाते. कारागृहात मनोरुग्ण बंदी नसल्याचे प्रमाणित करणारा अहवाल वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मंडळाकडे पाठवायचा असतो.

म्हणूनच सुरक्षित रुग्णालयाची कसोटी केवळ भिंतींच्या उंचीवर लागत नाही. बरा झालेला रुग्ण वेळेत न्यायालयापुढे किंवा घरी पोहोचला, तरच त्याचे कार्य पूर्ण होते.