न्यू इंग्लिश स्कूलचे आद्य शिक्षक : एक स्मरण

शाळेचा इतिहास लिहिताना बहुधा इमारतीची पायाभरणी, देणगीदारांची नामावली, विद्यार्थ्यांची वाढती संख्या आणि परीक्षांचे निकाल यांची नोंद होते. वर्गात उभा राहणारा शिक्षक कोठून आला, कोणत्या परिस्थितीतून शिकला आणि अध्यापनाखेरीज त्याच्या ठायी कोणते गुण होते, याची नोंद क्वचितच होते. वास्तविक शाळेचे खरे भांडवल तेच असते. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात सुरू झालेले न्यू इंग्लिश स्कूल. बुधवार पेठेतील मोरोबादादांच्या वाड्यात सुरू झालेल्या या शाळेजवळ पैसा नव्हता, स्वतःची इमारत नव्हती, सरकारी आश्रयही नव्हता. होते ते केवळ काही तरुण शिक्षक. त्यांपैकी ज्येष्ठ असलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांचेही वय त्या दिवशी तीस वर्षांचे झाले नव्हते.

सरकारी नोकरी सोडून आलेला निबंधकार

विष्णुशास्त्र्यांचा जन्म १८५० साली पुण्यात, विद्वान पित्याच्या घरी झाला. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे संस्कृत पंडित, मराठीचे मान्यवर लेखक आणि शिक्षण खात्यातील अधिकारी होते. पुस्तकांच्या सहवासात वाढलेले विष्णुशास्त्री १८७२ मध्ये बी. ए. झाले आणि सरकारी हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. जानेवारी १८७४ पासून त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. त्यातील जवळजवळ सर्व लेखन त्यांचे एकट्याचे असे. पुढे त्यांची रत्नागिरीस बदली झाली. तेव्हा खात्रीच्या वेतनाची नोकरी राखावी की स्वतंत्र शाळा काढावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. संसाराची जबाबदारी असलेल्या गृहस्थाने खात्रीचे उत्पन्न सोडून अनिश्चित मार्ग पत्करावा, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

शास्त्रीबोवा केवळ लेखक नव्हते. चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना आणि किताबखाना या उद्योगांच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. शाळेला मात्र त्यांचा सहवास जेमतेम सव्वादोन वर्षेच लाभला. १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शिक्षकाच्या घरातील गणिती

शास्त्रीबोवांना येऊन मिळालेले बळवंतराव टिळक हे स्वतः शिक्षकाचे पुत्र होते. त्यांचे वडील गंगाधरपंत रत्नागिरीस शिक्षक होते, पुढे ते शिक्षण खात्यात अधिकारी झाले. त्यांनी त्रिकोणमितीवर मराठीत पुस्तकही लिहिले होते. गणित आणि संस्कृत ही दोन्ही विद्याधने बळवंतरावांना घरातच मिळाली. १८७२ साली पित्याचे छत्र हरपले, परंतु शिक्षणात खंड पडला नाही. १८७७ मध्ये बी. ए. आणि १८७९ मध्ये एल्एल. बी. या परीक्षा ते उत्तीर्ण झाले. वकिली केली असती तर पैसा मिळाला असता. त्यांनी मात्र शाळेत गणित व संस्कृत शिकविण्याचे पत्करले आणि पहिल्या वर्षी वेतनही घेतले नाही.

टिळकांच्या अध्यापनाविषयी त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी उद्बोधक आहेत. उदाहरण फळ्यावर पायरीपायरीने न मांडता ते तोंडीच सोडवीत. हुशार मुलांना त्यात विलक्षण गोडी वाटे, मंद मुलांची मात्र दमछाक होई. अलौकिक बुद्धिमत्ता आणि अध्यापनकौशल्य या दोन गोष्टी नेहमीच एकत्र नांदतात असे नाही, एवढे यावरून ध्यानात येते. तथापि कठीण विषयाला न भिता भिडण्याची सवय या वर्गात अनेकांना लागली.

कराडचा कंपाउंडर

गोपाळ गणेश आगरकर यांची पार्श्वभूमी याहून अगदी वेगळी होती. कराडजवळच्या टेंभू या खेड्यात १८५६ साली त्यांचा जन्म झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षणासाठी ते कराड, रत्नागिरी, अकोला असे फिरत राहिले. कराडच्या दवाखान्यात त्यांनी कंपाउंडरचे काम केले, रत्नागिरीस ते पायी गेले आणि नातेवाइकांच्या आधाराने अकोल्यास त्यांचे शालेय शिक्षण झाले. डेक्कन कॉलेजात शिष्यवृत्ती व बक्षिसे यांवर त्यांनी दिवस काढले. अंगावरचा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालावा, अशी त्यांची अवस्था होती.

एम. ए. होताच मुलाला मोठ्या पगाराची जागा मिळेल, अशी आशा त्यांच्या मातोश्रींनी धरली असल्यास ती स्वाभाविकच होती. आगरकरांनी त्यांना पत्र लिहून कळविले, की पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून आपण उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी वेचणार आहोत. जानेवारी १८८१ मध्ये ते शाळेत दाखल झाले आणि त्याच महिन्यात निघालेल्या 'केसरी'चे पहिले संपादक झाले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघेही सुटले, ते पुन्हा वर्गात उभे राहण्यासाठीच.

'हॅम्लेट'चे मराठी रूपांतर 'विकारविलसित' (१८८३) आणि मराठी वाक्यरचनेचा विचार करणारे 'वाक्यमीमांसा' (१८८८) हे दोन्ही ग्रंथ आगरकरांच्या या शिक्षकी काळातले आहेत. समाजसुधारकाच्या कीर्तीमागे हा भाषेचा व तर्काचा शिक्षक काहीसा झाकला गेला.

कोशकार मुख्याध्यापक

वामन शिवराम आपटे यांचा जन्म सावंतवाडी संस्थानातील असोलोपाल या गावी १८५८ साली झाला. बालपणीच ते पोरके झाले. कोल्हापुरास शिकत असता तेथील हायस्कूलचे हेडमास्तर महादेव मोरेश्वर कुंटे यांनी या मुलाची बुद्धी हेरली आणि त्याच्या शिक्षणाला आधार दिला. कुंटे स्वतः 'राजा शिवाजी' या काव्याचे कर्ते होते. एका गुणी शिक्षकाने असा दुसरा शिक्षक घडविला. एम. ए. झाल्यावर आपटे १८८० मध्येच न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आले आणि सुपरिंटेंडेंट म्हणून शाळेचा कारभार पाहू लागले.

आपट्यांची शिस्त कडक होती आणि संस्कृतची शिकवण पद्धतशीर होती. संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती शाळेच्या विद्यार्थ्यांनी वारंवार पटकावली, यात त्यांच्या परिश्रमाचा वाटा मोठा आहे. संस्कृत रचनेवरील त्यांचे मार्गदर्शक पुस्तक आणि १८९० मध्ये प्रसिद्ध झालेला संस्कृत-इंग्रजी कोश आजही देशविदेशांतील अभ्यासकांच्या हाती असतो. शाळेचा व पुढे कॉलेजचा कारभार सांभाळून हे काम करणाऱ्या या पुरुषास अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य लाभले. १८९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

पदवीवाचून पारंगत

या मंडळींत माधवराव नामजोशी यांच्याजवळ पदवी नव्हती. परंतु माणसे जोडण्याची, संस्थानिकांपर्यंत पोहोचून निधी उभारण्याची आणि नवे उद्योग सुचविण्याची त्यांची हातोटी इतरांपैकी कोणातही नव्हती. वृत्तपत्राचा अनुभव त्यांना आधीपासून होता, आणि पुढे पुण्यातील औद्योगिक चळवळीचे ते एक प्रमुख कार्यकर्ते झाले. इंग्रजी शिकविणारे वासुदेवराव केळकर यांनी शेक्सपिअरच्या नाटकावरून 'त्राटिका' हे नाटक मराठी रंगभूमीला दिले. महादेव शिवराम गोळे शास्त्रीय विषयांचे अध्यापक होते, आणि 'ब्राह्मण आणि त्यांची विद्या' हा ग्रंथ लिहून त्यांनी शिक्षणपद्धतीचाच खोल विचार मांडला.

१८८५ मध्ये या मंडळींत गोपाळ कृष्ण गोखले आले. तेव्हा त्यांचे वय एकोणीसही नव्हते. वडिलांच्या मृत्यूनंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण थांबवून महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली होती, आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. त्या आठ रुपयांवर घडलेला हा तरुण शाळेत पस्तीस रुपयांवर शिक्षक झाला. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक पुढे कित्येक पिढ्यांनी वापरले.

यश आणि कसोटी

१८८२ मध्ये शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनी या शाळेस भेट देऊन तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. पाच वर्षांत विद्यार्थ्यांची संख्या हजाराच्या घरात गेली. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले.

मात्र ज्या गुणसंपदेने शाळा उभी राहिली, तीच पुढे वादाचेही कारण झाली. ग्रंथलेखन, वृत्तपत्र, सार्वजनिक सभा ही बाहेरची कामे आजीव सदस्याने किती करावी, आणि त्यांपासून मिळणारे उत्पन्न कोणाचे? मासिक पंचाहत्तर रुपयांवर सर्वांनी समानतेने राहावे आणि सारा वेळ संस्थेस द्यावा, असा टिळकांचा आग्रह होता. संसाराच्या गरजा आणि प्रत्येकाचे व्यक्तिगत कर्तृत्व यांना वाव असावा, असे इतरांस वाटे. दोन्ही बाजूंना माणसे निःस्वार्थीच होती, म्हणूनच हा मतभेद अधिक क्लेशदायक ठरला. अखेर १८९० मध्ये टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. गणिताची त्यांची जागा पुढच्या वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी घेतली. आपटे यांच्यानंतर प्राचार्य झालेले आगरकर १८९५ मध्ये, चाळिशी गाठण्यापूर्वीच, निवर्तले. गोखले १९०२ पर्यंत अध्यापन करीत राहिले.

शिष्यांच्या रूपाने

शिक्षकाच्या गुणांचे मोजमाप अखेर त्याच्या शिष्यांवरूनच होते. शास्त्रीबोवा गेले तेव्हा शाळेतील एका विद्यार्थ्याने 'शिष्यजनविलाप' हे शोककाव्य रचले. पुढे त्याच विद्यार्थ्याने आगरकरांच्या 'विकारविलसिता'वर विस्तृत टीका लिहून रूपांतरातील दोष दाखविले. तो विद्यार्थी म्हणजे मराठी कादंबरीचे शिल्पकार हरिभाऊ आपटे. एका गुरूसाठी अश्रू ढाळणारा आणि दुसऱ्या गुरूच्या ग्रंथाची निर्भयपणे चिकित्सा करणारा शिष्य ज्या शाळेत निपजला, तिने भक्ती आणि विवेक हे दोन्ही शिकविले, असे म्हणावे लागेल. कवी केशवसुत हेही याच शाळेचे विद्यार्थी.

या शिक्षकांपैकी कोणी पंडिताच्या घरचा, कोणी खेड्यातील निर्धन कुटुंबातला, कोणी पोरका, तर कोणी भावाच्या त्यागावर शिकलेला. प्रत्येकाच्या शिक्षणामागे कोणाचे तरी ऋण होते. कुंट्यांसारखा हेडमास्तर, गोविंदरावांसारखा भाऊ, आसरा देणारे आप्त यांनी वेळेवर हात दिला नसता, तर ही नावे इतिहासास ठाऊकही झाली नसती. ते ऋण त्यांनी वर्गातील मुलांना शिकवून फेडले. संस्थेची सुवर्णमहोत्सवी वाटचाल आठवताना देणगीदार आणि विश्वस्त यांच्या जोडीने, खडूने हात पांढरे झालेल्या अशा शिक्षकांचीही नावे कृतज्ञतेने नोंदली जावीत. त्यांची खरी नोंदवही त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आयुष्यात असली, तरी कागदावरही ती उरणे आवश्यक आहे.