कात्रजचं पाणी

पानशेतच्या पुराचं पाणी पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्या पेठेत कितव्या मजल्यापर्यंत चढलं, लकडी पूल कसा दिसेनासा झाला, हे सांगणारी माणसं अजून आहेत. पूर ओसरल्यावर जे पाणी नव्हतं, त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला त्याबद्दल सांगायचं आहे.

12 जुलै 1961 रोजी सकाळी आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण फुटलं. त्याचं काम अजून पुरं व्हायचं होतं. आदली रात्र लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते सावरून धरलं होतं. फुटलेलं पाणी खाली खडकवासल्यात उतरलं आणि दुपारपर्यंत खडकवासल्याची दगडी भिंतही गेली. ही भिंत 1879च्या सुमाराची. तिच्यामागे साठलेलं पाणी कालव्यातून शहराकडे येई आणि आमच्या नळांना पोहोचे. ज्या लोंढ्यानं शहर बुडवलं, त्यातच शहराचं पिण्याचं पाणी वाहून गेलं. वस्ती सुमारे सहा लाखांची. वीज नाही, नळ कोरडे, नदीकाठच्या पेठांत गुडघाभर चिखल आणि त्यात कुजायला लागलेलं धान्य.

आमचा वाडा शुक्रवार पेठेत होता. तिथवर पूर आला नाही. शनिवारातली मावशी, तिची मुलं, तिच्या सासूबाई असे सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडे आले. मी दहा वर्षांची होते. आजीनं नळ उघडून पाहिला, बंद केला आणि माजघरातून पोहरा आणि दोर काढून आणला. वाड्याच्या मागच्या चौकात आड होता. नळ घरात आल्यापासून त्याचं पाणी धुण्याला आणि झाडांना जाई. रहाटाला तेल घातलेलं नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी तो फार कुरकुरला. पाणी मात्र वर आलं, थंड आणि स्वच्छ.

ते पाणी कात्रजचं होतं. पेशवाईत, 1750च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या डोंगराखाली तळी बांधून घेतली. तिथून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ आणला. नळ म्हटलं की आज डोळ्यांसमोर लोखंडाची नळी येते. हा नळ म्हणजे जमिनीखालचा बांधीव बोगदा होता, काही ठिकाणी माणूस उभा राहून आत चालू शकेल एवढा. पंप नाही, यंत्र नाही. कात्रज उंचावर आणि शहर उतारावर, एवढ्या भांडवलावर पाणी कोसच्या कोस चालत आलं. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधले होते. तिथे कोंडलेली हवा बाहेर पडे, गाळ तळाशी बसे आणि माणसाला आत उतरून सफाई करता येई. शहरात शिरल्यावर त्या नळाला फाटे फुटले. काही फाटे सार्वजनिक हौदांना गेले, काही वाड्यांच्या आडांना. आमच्या आडाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या थोडं वर, एक खापरी तोंड दिसायचं. वाकून कान दिला की पाणी पडल्याचा आवाज येई. घरातले अण्णा मला कमरेला धरून तो आवाज ऐकवत.

ज्यांनी हे बांधलं त्यांना पाणी कळत होतं, असं मला मनापासून वाटतं. उतार किती ठेवला तर पाणी थांबणारही नाही आणि नळ खरवडणारही नाही, गाळ कुठे सोडायचा, एका हौदाचं जास्तीचं पाणी पुढे कसं न्यायचं, हे सगळं पाथरवटांनी आणि गवंड्यांनी हातानं साधलेलं. त्या हातांची नावं कुठे कोरलेली नाहीत. पेशव्यांचं नाव सगळ्यांना पाठ आहे.

त्या आठवड्यांत आमच्या घरात पाण्याच्या जाती लागल्या. पिण्याचं पाणी धुवट फडक्यातून गाळून तांब्याच्या हंड्यात. त्याला कुणी मूल हात लावणार नाही. भांड्यांचं पाणी वेगळं, घागरीतलं. राखेनं घासून एकदाच विसळायचं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला. अंघोळ घंगाळ्यापुढे बसून, तांब्या मोजून, आणि ते पाणी मोरीतून वाहू न देता बादलीत धरून संडासाला. आरोग्य खात्याची माणसं येऊन आडात लाल औषध टाकून जात. मग दिवसभर पाणी जांभळट दिसे आणि आजी त्या दिवशी सगळं पाणी उकळून घेई. आम्हा मुलांना कॉलऱ्याची सुई टोचली, दंड सुजले. मावशीच्या सासूबाई तेवढ्यातही एक तांब्या पाणी बाजूला ठेवत, दाराशी कुणी आलं तर द्यायला. त्यांचं घर वाहून गेलं होतं, आणि आल्यागेल्याला पाणी द्यायची सवय शाबूत होती.

आता आडावर कोण आलं, याबद्दल. संकटात सगळे एक झाले, असं लिहिलं तर ते खोटं होईल. गल्लीतले लोक घागरी घेऊन आले तेव्हा पहिले दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग मागच्या वस्तीतली एक बाई आली. वाड्यातल्या एका बिऱ्हाडाकडून सूचना निघाली की तिनं दोराला हात लावू नये, तिची घागर बाजूला ठेवावी, आपण वरून पाणी ओतू. ती बाई काही न बोलता घागर पुढे करून उभी राहिली. माझ्या काकूनं दोर तिच्या हातात दिला. आजीचं सोवळं कडक होतं. ती आत गेली, पण तिनं काकूला अडवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या वस्तीतल्या बायकांची रांग आमच्या चौकात लागली.

जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो 1868 साली. आमच्या आडावरची ही गोष्ट त्यानंतर त्र्याण्णव वर्षांनी घडली, त्याच शहरात. फुल्यांचे सहकारी डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी आपल्या गेलेल्या लहान मुलीच्या आठवणीसाठी हौद बांधला आणि सगळ्या जातींना खुला ठेवला. त्यावर बाहुलीचा पुतळा होता, म्हणून त्याला बाहुलीचा हौद म्हणतात. पुण्याच्या हौदांचा इतिहास लिहिणारे उच्छ्वास आणि उतार यांवर पानंच्या पानं लिहितात. मीही वर तेच केलं, कारण ते काम खरोखर थोर आहे. पण कात्रजचं पाणी शहरात आल्यावर ते कुणाच्या घागरीत पडलं आणि कुणाच्या नाही, हा त्याच इतिहासाचा अर्धा भाग आहे, आणि तो जास्त लांबतो.

पुढे नळाला पाणी आलं, आधी थोडा वेळ, मग नेहमीसारखं. आड पुन्हा धुण्याकडे गेला. वाडे पडायला लागले तसे पेठांमधले आड बुजवले गेले. पाडलेल्या भिंतींची दगडमाती टाकायला ती सगळ्यांत सोयीची जागा होती. कात्रजच्या नळावर रस्ते आले, इमारतींचे पाये आले, कुठे त्यात सांडपाणी शिरलं. फडके हौद, बदामी हौद, काळा हौद ही नावं पत्ता सांगायला उरली. ज्या व्यवस्थेनं 1961 साली शहराला जगवायला हात दिला, तिची आपण ही गत केली, याचं मला आजही वाईट वाटतं, आणि रागही येतो.

आता दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद असल्याची, आणि शुक्रवारी ते उशिरा व कमी दाबानं येणार असल्याची बातमी वर्तमानपत्रात आली की आमच्या इमारतीत टँकरला फोन सुरू होतात. आमच्या वाड्याच्या जागी उभी राहिलेली ही इमारत. ती बांधताना आड बुजवू नका म्हणून मी हट्ट धरला होता. मोटारी लावायची एक जागा कमी होते म्हणून बराच वाद झाला. आड राहिला. त्यावर लोखंडी जाळी आहे आणि आत मोटार सोडली आहे. खापरी तोंड कोरडं आहे. पाणी आता जमिनीतल्या झऱ्याचं, पिण्याजोगं नाही, पण संडासाला, जिन्याला आणि झाडांना पुरतं. नळ बंद असले की पहिल्या मजल्यावरची सून चावी घेऊन खाली उतरते आणि शेजारच्या दोन इमारतींनाही पाइप लावून देते.

मी एक वही केली आहे. त्यात पेठ, वाडा, आड कुठल्या चौकात होता, बुजवला की जिवंत, आणि कुणी सांगितलं, एवढे रकाने आहेत. शुक्रवार आणि बुधवार बऱ्यापैकी भरले. कसब्यातल्या नोंदी थोड्याच आहेत, आणि तिथे विचारावं अशी माणसं नव्वदीला पोचली आहेत. म्हणून पावसाळा संपायची वाट न बघता या आठवड्यातच तिकडे जाणार आहे.