करंट, पेट्रोल आणि फियाट

मुंबईत फियाट सुरू होत नसली की मिस्त्री बॉनेट उघडण्याआधीच विचारायचा, "सेल्फ फिरतोय का?" फिरत नसेल तर दोष बॅटरीत, तिच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या खारात किंवा सेल्फमध्येच. सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर बहुतेक वेळा दोनच शक्यता उरायच्या: करंट येत नाही, नाहीतर पेट्रोल.

ही विचारण्याची पद्धत शहरभर सारखी झाली त्यामागे कुर्ल्याचा कारखाना आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्यात आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जुळवल्या गेल्या. जनरल मोटर्स तर १९२८ पासूनच शिवडीत गाड्या जुळवत होती. पण नुसती जुळवणी चालणार नाही, सुटे भागही इथेच बनवा, असं धोरण सरकारने आणल्यावर तिने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली. फियाटशी करार करून तिने १९५० च्या दशकात ११०० मॉडेल आणलं. पुढे डिलाइट आली, मग प्रेसिडेंट, १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलत गेली, पण १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन मूळचंच राहिलं.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा परवाना राजचा, म्हणजे उत्पादनावरच्या सरकारी परवान्यांच्या काळाचा, जाचच होता. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहायची आणि हाती यायची ती जुन्या आराखड्याची गाडी. गॅरेजवाल्यांना मात्र या कुंठलेपणातून मोठा ठेवा मिळाला. वडिलांच्या हाताखाली शिकलेला मुलगा तीस वर्षांनंतरही तेच इंजिन खोलत होता. पुस्तक न उघडता पिढीकडून पिढीकडे गेलेलं हे ज्ञान कारागिरीच्या इतिहासात मानाने नोंदवायला हवं.

त्यातली सगळ्यात सुंदर चाचणी प्लगची. थोडा वेळ सेल्फ मारून प्लग काढायचा. तो कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही. पंपाचा डायफ्राम फाटला असेल किंवा कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला असेल. ओला निघाला तर पेट्रोल येतंय, म्हणजे करंट तपासायचा. प्लग वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि सेल्फ मारायचा. ठिणगी निळी, जाड पडली तर ठीक. पिवळट, मरतुकडी असली तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पॉइंट पाहायचे. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ते काळवंडले की पॉलिश पेपरने घासायचे. पुन्हापुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदलायचा. बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल हजारो व्होल्ट करते, पण पॉइंट नीट उघडमिट करत असतील तरच.

ऋतूप्रमाणे संशयितही बदलत. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल शिरे आणि ठिणगी भलतीकडेच पळे. झाकण कोरड्या फडक्याने पुसलं की काम व्हायचं. मे महिन्यात सिग्नलला तापून बंद पडलेल्या गाडीत पेट्रोलची नळीतच वाफ होई. मग पंपावर ओलं फडकं घालून थांबायचं. अर्धवट कळणारा मालक अशा वेळी चोक ओढून इंजिन ओव्हरफ्लो करून ठेवी, आणि एका दोषाचे दोन होत.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तोवर नव्या गाड्यांतून कार्बोरेटर आणि पॉइंट दोन्ही हद्दपार झाले होते. आता स्कॅनर जोडला की दोषाचा कोड पडद्यावर येतो.

हौशी मालकांनी जपलेल्या फियाट आजही रस्त्यावर दिसतात, आणि त्यांच्या मिस्त्रींपुढे एक नवा दोष येऊन उभा आहे. देशात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकलं जाऊ लागलं; महाराष्ट्रातले साखर कारखाने या इथेनॉलचे मोठे उत्पादक. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. नळ्या मऊ पडतात, चिरतात, पंपाचा डायफ्राम फुगतो. त्यामुळे प्लग कोरडा निघाला की जाणता मिस्त्री आता जेटआधी रबर तपासतो, आणि इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या नि डायफ्राम मिळतात का, याचा शोध घेतो.