उड्डाण सिम्युलेटरमधील रेडिओ आणि हवाई वाहतूक नियंत्रण

संगणकावरच्या विमानात लावलेली रेडिओची वारंवारता, ट्रान्सपाँडरचा कोड आणि विमानाचे स्थान ही माहिती सिम्युलेटरमधून काढून हवाई वाहतूक नियंत्रकापर्यंत पोहोचवणारी आणि तिच्या आधारे वैमानिक व नियंत्रक यांचे बोलणे जोडून देणारी व्यवस्था. नियंत्रक म्हणजे एखादा प्रोग्रॅम असतो किंवा दुसऱ्या संगणकापाशी बसलेला माणूस. प्रोग्रॅमचा प्रकार मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर २००२’मध्ये आला. त्यात वैमानिक तोंडाने बोलत नाही, पडद्यावरच्या यादीतून वाक्य निवडतो. खरी तांत्रिक गंमत माणूस-नियंत्रकाच्या प्रकारात आहे.

पहिली पायरी वारंवारता वाचण्याची. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये यासाठी पीट डाउसन यांचा एफएसयूआयपीसी हा प्रोग्रॅम वापरला जाई. त्यात पहिल्या रेडिओची वारंवारता दोन बाइटांत चार दशमान अंकांनी मांडलेली असते. विमानांच्या बोलण्याचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झ असल्याने सुरुवातीचा १ गृहीत धरून गाळलेला, म्हणजे १२३.४५ हे २३४५ असे लिहिले जाई. वाहिन्या २५ किलोहर्ट्‌झच्या अंतराने होत्या तोवर हे चालले, ११८.०२५ मधला शेवटचा ५ कुणी न सांगताही कळत असे. युरोपात ८.३३ किलोहर्ट्‌झ अंतराच्या वाहिन्या आल्यावर मात्र ११८.०१० आणि ११८.०१५ या दोन वेगळ्या वाहिन्या त्याच चार अंकांत एकसारख्या दिसू लागल्या. २००६ च्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’पासून माहिती काढण्यासाठी सिमकनेक्ट हा अधिकृत मार्ग मिळाला. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये हे काम ‘डेटारेफ’ (नावाने वाचता येणारी मूल्ये) करतात, तिथेही ८.३३ साठी नवा डेटारेफ द्यावा लागला.

दुसरी पायरी जाळ्याची. वैमानिक आणि माणूस-नियंत्रक यांना इंटरनेटवर जोडणारी आयव्हीएओ आणि व्हॅटसिम ही जाळी अनुक्रमे १९९८ आणि २००१ मध्ये सुरू झाली. दोन्ही स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. व्हॅटसिममध्ये वैमानिकाचा प्रोग्रॅम साधारण दर पाच सेकंदांनी कॉलसाइन, ट्रान्सपाँडरचा (स्क्वॉक) कोड, अक्षांश-रेखांश, उंची आणि वेग असलेली मजकुराची एक ओळ सर्व्हरला धाडत आला आहे. नियंत्रकाच्या रडारवरचा ठिपका याच ओळीतून उमटतो. लिखित संदेशही वारंवारतेलाच उद्देशून जातो आणि तिथेही सुरुवातीचा १ गाळतात : १२२.८०० साठी २२८००. नियंत्रक हजर नसेल तेव्हा वैमानिक बहुतेक ठिकाणी याच १२२.८०० वर एकमेकांना आपला बेत कळवतात.

आवाजाची वाट या ओळींहून वेगळी असते. दोन्हींना बांधतात त्या कॉलसाइन आणि वारंवारता. आधीच्या पद्धतीत नियंत्रकाच्या प्रत्येक वारंवारतेला एक ‘व्हॉइस रूम’ असे आणि वैमानिकाने ती वारंवारता लावली की तो खोलीत दाखल होई. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॅटसिमने ही पद्धत मोडीत काढून नवी ध्वनिव्यवस्था आणली. आता प्रत्येक विमान आणि प्रत्येक जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र यांना जागा व उंची असते. कोण कोणाला ऐकू शकेल हे त्यावरून ठरते. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने पल्ला उंचीवर अवलंबून असतो : १,००० फुटांवर सुमारे ३९ सागरी मैल, ३५,००० फुटांवर सुमारे २३०. दूरच्या आवाजात खरखर मिसळते. दोघांनी एकाच वेळी बोलण्याचे बटन दाबले, तर ऐकणाऱ्याला कर्कश शिट्टी ऐकू येते. मित्रमंडळी साध्या व्हॉइस-चॅटवर विमाने उडवतात त्यात आवाज कितीतरी स्वच्छ असतो, पण तो रेडिओ नव्हे, कॉन्फरन्स कॉल झाला. न ऐकू येण्याचे नियम असतील तरच रेडिओची नक्कल खरी.

लष्करी प्रशिक्षणात हीच कल्पना आधी आणि अधिक काटेकोरपणे मांडली गेली. आयईईई १२७८.१ या मानकात रेडिओसाठी तीन प्रकारचे संदेश आहेत. प्रक्षेपकाच्या संदेशात वारंवारता, शक्ती, मॉड्युलेशन आणि अँटेनाची जागा असते; दुसऱ्या संदेशात आवाज किंवा इतर डेटा; तिसरा संदेश ग्राहक रेडिओची स्थिती सांगतो. ऐकू आले की नाही, हा निर्णय ऐकणाऱ्या सिम्युलेटरने स्वतः गणित करून घ्यायचा असतो. विमान कंपन्यांच्या सिम्युलेटरांत प्रशिक्षकच बहुधा नियंत्रकाचे संवाद म्हणतो. पार्श्वभूमीला इतर विमानांची बोलणी नसतात, त्यामुळे नवशिक्याला गजबजलेल्या वारंवारतेची सवय लागत नाही. ही उणीव भरून काढणाऱ्या स्वयंचलित नियंत्रण-वातावरणासाठी एरिंक ४३९ हे मानक तयार झाले असून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या दस्तऐवज ९६२५ मध्येही अशा वातावरणाचा विचार केलेला आहे.