महाराष्ट्र केसरी २०२५ : अहिल्यानगरचा वादग्रस्त किताब

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाची ६७ वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा २९ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२५ या काळात अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर झाली. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातला पृथ्वीराज मोहोळ किताबाचा मानकरी ठरला आणि सोलापूरचा महेंद्र गायकवाड उपविजेता. लोकांच्या लक्षात मात्र ही स्पर्धा राहिली ती शेवटच्या दिवशीच्या दोन कुस्त्यांमुळे. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत चितपटीच्या निर्णयावरून शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली आणि त्यानंतरच्या किताबाच्या लढतीत गुणावरून वाद होऊन गायकवाड आखाडा सोडून गेला. दोघांवरही तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. दोन महिन्यांच्या आत कर्जतला दुसऱ्या संघटनेने आपला महाराष्ट्र केसरी निवडला, त्यामुळे त्या वर्षी किताबाचे मानकरी दोन झाले.

किताबाची घडण

मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली. ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब पहिल्यांदा १९६१ साली औरंगाबादच्या अधिवेशनात दिनकर दह्यारी यांनी पटकावला. विजेत्याला मोहोळ घराण्याकडून चांदीची गदा दिली जाते. मोटारी आणि रोख बक्षिसे नंतर आली. तालमीतल्या पोराला गदेचेच स्वप्न पडते. नरसिंग यादव (२०११ ते २०१३) आणि विजय चौधरी (२०१४ ते २०१६) यांनी ती सलग तीनदा खांद्यावर घेतली.

किताबाच्या ८६ ते १२५ किलो गटात दोन स्वतंत्र विभाग असतात, गादी आणि माती. प्रत्येक विभागाचा विजेता अंतिम लढतीत उतरतो आणि ही लढत गादीवर होते. मातीवर वाढलेल्या मल्लाला अखेरीस गादीवर सिद्ध व्हावे लागते, ही तक्रार जुनी आहे आणि ती रास्त आहे. मातीत पाय रुततो, अंगाला धूळ लागली की पकड बसते. गादीवर पाय सरकता राहतो आणि घामाने पकड सुटते. डाव तेच असले तरी वेळेचे गणित बदलते.

मल्ल कोणत्या जिल्ह्याकडून खेळतो याचेही वेगळे गणित असते. राक्षे पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगर परिसरातला, पण स्पर्धेत नांदेडचा. डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याच्या अधिवेशनातही असेच दिसले. तिथे पुण्याच्या अभिजित कटकेला हरवून बाला रफिक शेखने गदा घेतली. तो करमाळा तालुक्यातला, पण लढला बुलढाण्याकडून. एका जिल्ह्यात निवड चाचणीची गर्दी असली की मल्ल दुसऱ्या जिल्ह्यातून वाट काढतात, हे कुस्तीच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक आहे.

वादाची पूर्वपीठिका

अहिल्यानगरचा भडका एका संध्याकाळचा नव्हता. २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने बाळासाहेब लांडगे सरचिटणीस असलेली परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केली. शरद पवार दीर्घकाळ या परिषदेचे अध्यक्ष राहिले होते. त्यानंतर माजी खासदार रामदास तडस यांच्या नेतृत्वाखाली कुस्तीगीर संघ पुढे आला आणि राज्याची कुस्ती दोन गटांत विभागली गेली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या माती विभागाच्या कुस्तीत ‘बाहेरची टांग’ या डावाला चार गुण द्यायला हवे होते का, यावर राज्यभर रणकंदन माजले. पंचांना फोनवरून धमकी आली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. त्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत राक्षेने गायकवाडला मिनिटभराच्या आत चितपट करून पहिली गदा घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन महाराष्ट्र केसरी झाले. धाराशिवला राक्षे जिंकला आणि पुण्याजवळच्या फुलगावला सिकंदर शेखने राक्षेलाच हरवून गदा घेतली.

२ फेब्रुवारी २०२५

गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत मोहोळने राक्षेला खाली घेतले आणि पंचांनी चितपट दिली. आपले दोन्ही खांदे गादीला टेकलेच नव्हते, चित्रफीत पाहून निर्णय द्यावा, असे राक्षेचे म्हणणे होते. निर्णय बदलला नाही. वाद वाढला, राक्षेने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. आखाड्यात पोलिसांना उतरावे लागले.

इथे चितपटीचा नियम नीट समजून घ्यावा लागतो, कारण त्यावर बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेलाच नव्हता. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मल्लाच्या दोन्ही खांद्यांची पाती एकाच वेळी गादीला लागली पाहिजेत आणि समोरच्याचा पूर्ण ताबा पंचाला दिसेल इतका वेळ ती तिथे राहिली पाहिजेत. गादीवरचा पंच त्यासाठी गुडघ्यांवर बसतो, कधी अक्षरशः पोटावर झोपून खांद्याखालची फट बघतो. खात्री झाली की हात वर करून तो बाजूचा पंच किंवा गादीप्रमुख यांची संमती घेतो, मग गादीवर थाप मारून शिट्टी वाजवतो. म्हणजे चितपट एकट्याच्या डोळ्यांवर ठरत नाही, दुसऱ्याचा होकार लागतो. गुणांच्या निर्णयावर प्रशिक्षकाला आव्हान देता येते. ते फेटाळले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. चितपटीचे मात्र वेगळे आहे. ती तपासण्याची जबाबदारी शिट्टी वाजण्याआधीच गादीप्रमुखाची असते, आणि एकदा ती मान्य झाली की कुस्ती संपली. गुणांवर हरलेला मल्ल म्हणू शकतो की दोन गुण इकडचे तिकडे झाले असते. चितपट झालेल्याकडे म्हणायला काही उरत नाही. किताबाच्या उंबरठ्यावर मिळालेली चितपट म्हणूनच सर्वांत जास्त डाचते.

राक्षेला शंका घ्यायचा अधिकार होता. पंचांवर हात आणि पाय उचलायचा नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्या दिवसाची नोंद घेताना एकीने दुसरी झाकू नये. जत्रेच्या फडातही पंच म्हणून उभा राहणारा जुना मल्ल हलगीच्या कडकडाटात आणि हजारोंच्या आरोळ्यांत निर्णय देतो; त्याच्या अंगाला हात लागला तर पुढच्या वर्षी पंच म्हणून कोणी उभे राहणार नाही.

मातीत परभणीच्या साकेत यादवला हरवून गायकवाड अंतिम फेरीत आला होता. किताबाच्या लढतीत शेवटचे काही सेकंद उरले असताना मोहोळला मिळालेल्या गुणावर त्याने हरकत घेतली. ती मान्य झाली नाही आणि तो आखाड्याबाहेर पडला. मोहोळला २-१ असे विजयी घोषित करण्यात आले. गदेसोबत त्याला थार मोटार मिळाली. जिंकलेल्या मल्लाच्या वाट्याला त्या रात्री कौतुकापेक्षा चर्चाच जास्त आली, आणि हा त्याच्यावरचा अन्याय होता. गुण देणे त्याच्या हातात नव्हते, कुस्ती करणे होते आणि ती त्याने केली.

पडसाद

दोघांवर बंदी आल्यानंतर चौकशी समिती नेमण्यात आली. २००७ आणि २००८ चा महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील याने पंचांविषयी अत्यंत जहाल भाषा वापरली आणि आपल्या दोन्ही गदा परत करण्याची घोषणा केली. तिसऱ्या गदेसाठी २००९ मध्ये उतरलो तेव्हा आपल्यावरही अन्याय झाला होता, असे त्याचे म्हणणे होते. सोळा वर्षांनंतरही एका पराभवाचा सल इतका ओला राहतो, यावरून या किताबाचे वजन कळते.

पंचाच्या एका क्षणाच्या निर्णयावर अख्खा किताब तोलला जाण्याचे उदाहरण मोटारसायकल स्पीडवेतही आहे. या खेळात ब्रेक नसलेल्या ५०० सीसीच्या गाड्या घेऊन चौघे अंडाकृती मातीच्या धावपट्टीवर चार फेऱ्या मारतात. २८ ऑगस्ट १९८२ रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये जागतिक अंतिम फेरी झाली. चौदाव्या शर्यतीत अमेरिकेचा ब्रूस पेनहॉल आणि इंग्लंडचा केनी कार्टर एकमेकांना भिडत वळणावर गेले, कार्टर पडला आणि पंचाने बाद केले ते कार्टरलाच. दोघांचा स्पर्श झाला की नाही यावर त्या खेळाचे चाहते अजूनही भांडतात. पेनहॉलने विजेतेपद राखले आणि विजयमंचावरूनच निवृत्ती जाहीर केली. तिथेही निर्णय फिरला नाही, पण जगज्जेता कोण याबद्दल दोन संघटनांचे दोन दावे नव्हते. महाराष्ट्रात नेमकी या एकमुखी मान्यतेचीच उणीव आहे. एका संघटनेच्या पंचावर रागावलेल्या मल्लासमोर आणि त्याच्या गावासमोर दुसऱ्या संघटनेचा आखाडा तयार असतो. मग पंच चांगले घडवण्याचे, चित्रीकरणाची नीट सोय करण्याचे आणि निर्णय मल्लाला समजावून सांगण्याचे कंटाळवाणे काम कोणीच अंगावर घेत नाही.

कर्जत

२६ ते ३० मार्च २०२५ या काळात अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच कर्जतला कुस्तीगीर परिषदेची स्पर्धा झाली. आयोजनात आमदार रोहित पवार पुढे होते. तिला ६६ वी महाराष्ट्र केसरी म्हटले गेले. एकाच परंपरेची मोजदाद दोन्हीकडे वेगळी असल्याने ६७ वी आधी आणि ६६ वी नंतर, असा क्रम लागला. अंतिम लढतीत सोलापूरच्या वेताळ शेळकेने पृथ्वीराज पाटीलला हरवले. पाटील हा २०२२ मध्ये साताऱ्याला झालेल्या स्पर्धेतला महाराष्ट्र केसरी. याच मार्च महिन्यात केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने भारतीय कुस्ती महासंघावरचे डिसेंबर २०२३ पासूनचे निलंबन मागे घेतले. म्हणजे अहिल्यानगरच्या कुस्त्या झाल्या तेव्हा देशातली शिखर संस्थाही निलंबितच होती. २०२५ च्या रकान्यात मोहोळ आणि शेळके ही दोन्ही नावे लिहावी लागतात.