टीपॅक आराखडा

टीपॅक (विस्तारित रूप: तंत्रज्ञानाधिष्ठित अध्यापनशास्त्रीय आशयज्ञान) हा अध्यापनात तंत्रज्ञानाचा अर्थपूर्ण वापर करण्यासाठी शिक्षकाला कोणते ज्ञान लागते, हे स्पष्ट करणारा सैद्धान्तिक आराखडा आहे. पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर या मिशिगन राज्य विद्यापीठातील अभ्यासकांनी २००६ साली तो सविस्तर मांडला.

पार्श्वभूमी

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये ‘अध्यापनशास्त्रीय आशयज्ञान’ ही संकल्पना मांडली. विषय जाणणे आणि तो शिकवता येणे या भिन्न गोष्टी असून दोहोंच्या संयोगातून शिक्षकाचे खास ज्ञान घडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. महाराष्ट्रातील बी.एड. अभ्यासक्रमात परिचित असलेली ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ ही संज्ञा याच विचाराशी जवळीक साधते. मिश्रा व कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घातली.

घटक

आशय, अध्यापनशास्त्र व तंत्रज्ञान ही तीन वर्तुळे परस्परांना छेदतात. त्यांतून तीन मूळ ज्ञानक्षेत्रे, तीन द्विघटक संयोग आणि मध्यभागी टीपॅक असे एकूण सात घटक मिळतात. सभोवतीचे वर्तुळ संदर्भ दर्शवते. विद्यार्थिसंख्या, वीजपुरवठा, उपलब्ध साधने, घरची भाषा इत्यादींचा त्यात समावेश करता येतो.

वर्गातील उपयोजन

साधने सतत बदलत असल्याने एखादे विशिष्ट साधन हाताळण्याचे प्रशिक्षण लवकर कालबाह्य होते. म्हणून या आराखड्यात साधनापेक्षा अध्यापनविषयक निर्णयाला अधिक महत्त्व आहे. उदाहरणार्थ, जिओजेब्रा या आज्ञावलीत त्रिकोणाचा शिरोबिंदू सरकवला, तरी तिन्ही मध्यगा एकसंपाती राहतात, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसते. मात्र दिसणे म्हणजे सिद्धता नव्हे. आकृती केव्हा दाखवावी, अंदाज केव्हा विचारावा आणि सिद्धतेकडे केव्हा वळावे, हे शिक्षकालाच ठरवावे लागते. अनेक साधने मुळात शिक्षणासाठी बनवलेली नसल्यामुळे त्यांना अध्यापनानुकूल रूप देण्याचे कामही शिक्षकाकडेच येते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून ध्वनिफिती व चित्रफिती उपलब्ध करून दिल्या. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. परिचित छापील पुस्तकालाच नव्या माध्यमाची जोड देणारा हा प्रयोग आशय, पद्धती व तंत्रज्ञान यांच्या मेळाचे उदाहरण म्हणून पाहता येतो. भारत सरकारच्या ‘दीक्षा’ या २०१७ साली सुरू झालेल्या मंचावरही पुस्तकांतील क्यूआर कोडद्वारे पूरक साहित्य मिळते.

मर्यादा

सात घटकांमधील सीमारेषा पुरेशा स्पष्ट नाहीत, हा या आराखड्यावरील प्रमुख आक्षेप आहे. टीपॅकचे मापन बहुधा शिक्षकांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीतून होते. त्यातून आत्मविश्वास कळतो, परंतु प्रत्यक्ष अध्यापनाचा दर्जा कळेलच असे नाही. साधनांची विषम उपलब्धता हा प्रश्नही केवळ शिक्षकाच्या ज्ञानाने सुटणारा नाही. संदर्भाचे हे महत्त्व लक्षात घेऊन मिश्रा यांनी २०१९ मध्ये बाह्य वर्तुळाला ‘संदर्भज्ञान’ असे नाव दिले.